चंद्रनाथाच्या डोंगराला 'सनसेट पॉईंट' म्हणू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाईलवर दक्षिण गोव्यातल्या पारोड्याच्या डोंगराचे व्हिडिओ खूप फिरतायत. ड्रोनने काढलेले असतात, खाली सासष्टी तालुक्याची हिरवीगार शेतं, मधून ढग सरकतायत, मागे कुठलं तरी हिंदी गाणं, आणि वर मोठ्या अक्षरात 'साऊथ गोव्यातला हिडन सनसेट पॉईंट'. बघायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण कुणी डोंगराचं नावच घेत नाही. खाली कमेंटमध्ये लोक विचारतात कुठं आहे हे, तर उत्तर येतं मडगावपासून अर्ध्या तासावर, लोकेशन पाठवतो. त्या डोंगराला नाव आहे, आणि ते साधंसुधं नाव नाही, गोव्याच्या जुन्या राजधानीचं नाव त्याच्याशी बांधलेलं आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. थोडं लांबलंय, जागेअभावी कापावं लागलं तर कापा, फक्त नावाचा इतिहास आहे तो भाग राहू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडगावहून केप्याला निघालात की वाटेत पारोडा लागतं, तिथून पर्वताला जायचा फाटा फुटतो. आमच्याकडे त्याला नुसतं 'पर्वत' म्हणतात, कुठला पर्वत असं विचारायची गरज पडत नाही. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास. घाटातल्या माणसाला ही उंची काहीच वाटणार नाही, पण सासष्टीच्या सपाट भागातून हा डोंगर एकदम उठलेला आहे त्यामुळे लांबूनही ओळखू येतो. रस्ता डांबरी आहे, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना झाडी, गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते आणि पुढे देवळाला पायऱ्या. चैत्रात चढताना काजूच्या बोंडांचा तो आंबटगोड वास गाडीच्या काचा खाली केल्या की आत येतो. आणि मग एका वळणावर झाडी संपते आणि सगळं खालचं उघडं होतं, लोक गाड्या थांबवतात ते तिथंच.

काय दिसतं तिथून? पश्चिमेला सासष्टीचा सगळा पट्टा, माडांचे ठिपके, चर्चचे पांढरे मनोरे, आणि हवा स्वच्छ असेल तर शेवटी समुद्राची रेघ. पूर्वेला केपे आणि त्याच्या मागे एकामागे एक डोंगर, शेवटचे निळसर दिसतात ते सह्याद्रीचे. उत्तरेकडे चांदर, गिरदोलीचा भाग. आणि डोंगराच्या पायथ्याशी कुशावती, तिलाच काही लोक पारोड्याची नदी म्हणतात. पावसाळ्यात हा देखावा पूर्ण बदलतो. जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला की नदी शेतात शिरते, पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, केप्याची वाहतूक दुसरीकडून वळवतात, पेपरात फोटो येतो, हे दरवर्षीचं आहे. खाली असलो की ती डोकेदुखी असते. वरून बघितलं तर कळतं की नदी जिथं पसरते ती तिची जुनीच जागा आहे, रस्ता आपण नंतर तिच्या मधून काढला. शेतांचे बांध पाण्याच्या वर फक्त रेषेसारखे दिसतात, आणि रस्ता कुठून जात होता ते दोन्ही बाजूच्या विजेच्या खांबांवरून ओळखायचं.

आता नावाबद्दल. डोंगरावर श्री चंद्रेश्वराचं देऊळ आहे, लोक चंद्रनाथही म्हणतात, आणि बाजूला भूतनाथ. म्हणून देवस्थानाचं नाव चंद्रेश्वर भूतनाथ. आत्ताची देवळाची इमारत तीनचारशे वर्षांपलीकडची नाही, पण देव फार जुना. आत गेलात तर नीट बघा, देऊळ एका भल्या मोठ्या खडकाभोवती बांधलंय, आणि लिंग त्या डोंगराच्या खडकाचाच भाग आहे. म्हणजे मूर्ती कुठून आणून बसवलेली नाही, डोंगरच देव. गाभाऱ्यात उभं राहिलं की तो खडक हाताच्या अंतरावर असतो, थंड, काळपट, दिव्याच्या उजेडात थोडा ओलसर चमकतो. पौर्णिमेच्या रात्री चंद्राचा उजेड लिंगावर पडेल अशी देवळाची रचना केलेली आहे आणि तेव्हा त्या खडकाला पाणी सुटतं असं पूर्वीपासून सांगत आलेत. ज्याची श्रद्धा आहे त्याने मानावं, पण नावाची गोष्ट या चंद्रापासून सुरू होते एवढं मात्र धरून ठेवा.

त्या वळणावरून उत्तरेकडे बघितलं की चांदर दिसतं असं वर म्हटलं. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर. भोज राजांची राजधानी. गोव्यावर ज्यांनी राज्य केलं आणि ज्यांचे लेख आपल्या हाताला लागलेत त्यातले भोज हे अगदी सुरुवातीचे. गोव्यातल्याच शिरोड्याला एक ताम्रपट सापडला, देवराज नावाच्या भोज राजाचा, तो साधारण चौथ्या शतकातला असावा असं मानतात, आणि तो जिथून दिला गेला ते ठिकाण म्हणजे चंद्रपूरच असं अभ्यासक सांगतात. चौथं शतक! आपण गोव्याचा इतिहास म्हटलं की १५१० पासून सुरुवात करतो, पोर्तुगीजांचा आल्बुकर्क आला आणि मग पुढे. त्याच्याआधी हजारभर वर्षं इथं कुशावतीच्या काठावर राजधानी होती, तिथून जमिनी दान दिल्या जात होत्या, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून दिली जात होती, आणि त्या राजधानीच्या नावात चंद्र होता.

आता देवावरून गावाला नाव पडलं की दुसऱ्या कशावरून, याबद्दल वेगवेगळी मतं आहेत. काही जण म्हणतात बदामीच्या चालुक्यांचा चंद्रादित्य, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीचा मुलगा, त्याच्यावरून चंद्रपूर. हा चंद्रादित्य आपल्याकडचा आहे यात शंका नाही, त्याच्या राणीचे, विजयभट्टारिकेचे ताम्रपट कुडाळजवळच्या नेरूरला आणि वेंगुर्ल्याकडे कोचऱ्याला मिळाले आहेत, म्हणजे आपल्या सीमेच्या अगदी पलीकडे. एका राणीने स्वतःच्या नावाने दानपत्र द्यावं ही त्या काळातली केवढी मोठी गोष्ट, त्यावर कुणी तरी वेगळा लेख लिहायला हवा. पण चंद्रादित्य सातव्या शतकातला. देवराजाचा ताम्रपट त्याच्या कितीतरी आधीचा. मग चंद्रादित्याच्या जन्माच्या आधीच चंद्रपूर होतं ना? म्हणून मला तरी वाटतं की डोंगरावरचा चंद्र आधीचा, त्याच्या नजरेखाली वसलं म्हणून खालचं गाव चंद्रपूर. त्या वळणावर उभं राहून चांदरकडे बघितलं की हे जास्त पटतं. चांदरच्या कुठल्याही मोकळ्या जागेतून हा डोंगर दिसतो, तेव्हाही दिसत असणार, तिथल्या माणसाला दिवसभर डोळ्यासमोर हाच.

भोजांनंतर कोण कोण येऊन गेलं, चालुक्य, शिलाहार, आणि मग कदंब. कदंब नाव आज आपण रोज घेतो, बसस्टॅंडवर उभं राहून कदंबा, म्हणजे सरकारी बस, आली का विचारतो, पण त्या कदंबांची गोव्यातली पहिली राजधानीही हेच चंद्रपूर होतं हे बसमध्ये बसलेल्या किती जणांना माहीत असेल? पुढे अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीच्या काळात राजधानी जुवारी नदीच्या काठावर गोपकपट्टणला गेली, आजचं गोवा वेल्हा, आगशीच्या अलीकडे. मोठी जहाजं, मोठा व्यापार, त्याला जुवारीचं रुंद पात्र सोयीचं. तरी चंद्रपूर एकदम ओस पडलं नाही. आणि नाव तर त्याहून लांब गेलं. अरब प्रवासी आणि व्यापारी गोव्याला 'सिंदाबूर' नाहीतर 'संदाबूर' म्हणायचे, आणि हे चंद्रपूरचंच त्यांच्या तोंडी झालेलं रूप असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात इथं आला होता, होन्नावरच्या सुलतानाने संदाबूरवर स्वारी केली त्यात तो स्वतः होता, त्याने ते लिहून ठेवलंय. म्हणजे बघा, आमच्या पारोड्याच्या डोंगरावरचा चंद्र मोरोक्कोच्या माणसाच्या प्रवासवर्णनात जाऊन पोचला. आणि आपण त्या डोंगराला सनसेट पॉईंट म्हणतो.

त्याच चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजा, मग आणखी स्वाऱ्या, त्यात चंद्रपूर मोडलं. आज चांदरला गेलात तर लोक मेनेझिस ब्रागांझांचं घर बघायला जातात, जावंच, ते घर बघण्यासारखं आहे, आणि लुईस द मेनेझिस ब्रागांझा तर चांदरलाच १८७८ साली जन्मले, १९०० साली गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू करणाऱ्यांत ते होते, वर्तमानपत्राला पत्र लिहिताना त्यांची आठवण व्हायलाच हवी. पण त्या घरापासून थोडं पुढे कोट नावाचा भाग आहे तिकडे फार कोणी जात नाही. तिथं १९२९ साली इतिहास संशोधक फादर हेरास यांनी खोदकाम केलं आणि जुन्या विटांच्या देवळाचा पाया उघडा झाला, पुढे पुरातत्त्व खात्यानेही तिथं खोदलं. जागा संरक्षित आहे. कुंपण, आत गवत, विटांच्या ओळी, आणि एक दगडी नंदी, त्याला डोकं नाही. नंदीची पाठ, मानेवरचा वशिंडाचा उंचवटा, पाय दुमडून बसायची ढब सगळं स्पष्ट दिसतं, फक्त मानेच्या पुढे काही नाही. नंदी आहे म्हणजे समोर महादेव होता. खाली राजधानीत शिव आणि वर डोंगरावर शिव, मस्तकावर चंद्र असलेला. हे दोन वेगवेगळे मुद्दे म्हणून बघायचे की एकच, ते तज्ज्ञांनी ठरवावं, मी फक्त दोन्ही जागा बघितलेला माणूस म्हणून सांगतोय की या दोन जागा एकमेकींना बघतायत.

आणि चांदरच्या लोकांनी ही आठवण किती सांभाळलीय ते बघायचं असेल तर कार्निव्हालच्या दिवसांत तिथं जा. कार्निव्हालच्या सोमवारी चांदरला मुसळ खेळ होतो, हातात घुंगरं बांधलेली मुसळं घेऊन पुरुष जमिनीवर ठोके देत नाचतात आणि जुनी गीतं म्हणतात. नाचणारे सगळे ख्रिश्चन. आणि कशाची आठवण म्हणून सांगतात, तर जुन्या राजांच्या विजयाची. धर्म बदलला, राज्य बदललं, भाषा बदलली, पण कोटातल्या लोकांनी मुसळ सोडलं नाही. पणजीचा कार्निव्हाल टीव्हीवर दाखवतात, किंग मोमो येतो, फ्लोट निघतात. चांदरच्या त्या ठोक्यांचा आवाज एकदा ऐकला की कार्निव्हालकडे बघायची नजर बदलते. ते मुसळाचे ठोके पायाखालच्या जमिनीत जाणवतात, अक्षरशः, चपला काढून उभं राहा मग कळेल.

चंद्र असा आणखी कुठं कुठं पसरलाय तेही सांगतो. कुळेकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवर चांदरचं स्टेशन आहे, त्याच्या पाटीवर गावाच्या नावाला 'गोवा' जोडलेलं आहे, त्यात चंद्र आहे. नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात, जे महाल (तालुक्यासारखे भाग) पोर्तुगीजांना मिळाले त्यात एकाचं नाव चंद्रवाडी. हे महाल त्याआधी सोंदेकर, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या सोंद्याच्या राजाकडे होते, १७६३ मध्ये हैदर अलीच्या स्वारीमुळे सोंदेकर गोव्यात आश्रयाला आला आणि पुढे हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. सासष्टीचं त्याच्या दोनशे वर्षं आधीच ठरलेलं, १५४३ पासून ती पोर्तुगीजांकडे, आणि १५६७ मध्ये राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज कॅप्टनने, दियोगु रॉड्रिग्ज त्याचं नाव, सासष्टीतली देवळं पाडली. त्या धामधुमीच्या वर्षांत कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, मडगावचा दामोदर जांबावलीला. लोकांनी रात्री होडीत देव घालून नदी ओलांडली. चंद्रनाथाचं लिंग डोंगराच्या खडकाचंच, ते कोण उचलून नेणार? सासष्टीच्या किती देवांची गावं आज वेगळी आणि देऊळ वेगळीकडे आहे, चंद्रनाथाचं मात्र नाव, डोंगर आणि देव अजून एकाच जागी आहेत. मला या डोंगराबद्दल सगळ्यात जास्त जे वाटतं ते हेच आहे.

आता पणजीजवळच्या दोनापावलाशी याची तुलना करा. तिथल्या जेटीवर कुणालाही विचारा, नावामागची गोष्ट सांगेल, व्हाईसरॉयची मुलगी, कोळ्यावर प्रेम, कड्यावरून उडी. टॅक्सीवाले सांगतात, गाईड सांगतात, सिनेमावाले येऊन शूटिंग करून गेले. खरी दोना पावला १६८२ मध्ये वारली आणि तिचं थडगं राजभवनाच्या आवारातल्या काबोच्या चॅपेलात आहे, म्हणजे उडीबिडीची गोष्ट नंतर लोकांनी रचलेली. पण गोष्ट आहे, लोकांच्या तोंडी आहे, त्यामुळे नाव टिकलंय, उद्या कुणी दोनापावलाला 'सी व्ह्यू पॉईंट' म्हणालं तर सगळा गोवा हसेल. आणि इथं आमच्याकडे रचलेली नव्हे, ताम्रपटावर कोरलेली, विटांच्या पायात पुरलेली, मुसळाच्या ठोक्यात वाजणारी गोष्ट आहे, आणि त्या वळणावर तिचा एक शब्द लिहिलेला नाही. लोक येतात, दहा मिनिटं थांबतात, फोटो काढतात, चिप्सचं पाकीट रिकामं करतात आणि पुढे जातात. त्यांची चूक मी म्हणत नाही. सांगायला तिथं कुणी नाही तर त्यांना कळणार कसं?

चोर्ला घाटात काय झालंय ते आपण बघतोय. पावसाळ्यातल्या रविवारी धबधब्याच्या प्रत्येक वळणावर गाड्यांची रांग, बाटल्या, माकडांना खाऊ घालणं, म्युझिक. तो घाट मोठा आहे, त्याला तेवढं तरी झेपतं. पर्वताचा रस्ता अरुंद. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे घ्यावी लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. त्यात रील बनवणारी पोरं रस्त्याच्या मधोमध उभी. वर देऊळ आहे, लोक पूजेला येतात, म्हातारी माणसं येतात, चैत्र पौर्णिमेच्या जत्रेला तर गर्दी असते. गेल्या पावसाळ्यात त्याच वळणावर फुटलेल्या बियरच्या बाटलीची काच एका म्हाताऱ्या बाईच्या पायात गेली. ती अनवाणी चढत होती, नवस असेल. मी तिथंच होतो, रुमाल बांधून तिला खाली आणली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

तर माझं मागणं काय आहे ते सरळ सांगतो. त्या वळणावर एक नीट फलक हवा. पर्यटनाचे जे निळे बोर्ड लावतात तसला 'व्ह्यू पॉईंट' आणि खाली बाण, तसला नको. दगडी नाहीतर जांभ्या चिऱ्याचा कठडा बांधा, कमरेइतका, त्याच्यावर तिरका ठेवलेला फलक, म्हणजे माणूस वाचता वाचता समोर बघेल. त्यावर समोरच्या देखाव्याचं रेखाचित्र काढा, आणि कुठल्या दिशेला काय आहे ते लिहा. हे चांदर, जुनं चंद्रपूर, भोज आणि कदंबांची राजधानी. ही कुशावती. तिकडे सह्याद्री. आणि सगळ्यात वर ठळक, चंद्रनाथ पर्वत. नावाचा इतिहास दहा-बारा ओळीत, जेवढं पुराव्याने सांगता येतं तेवढंच, आणि श्रद्धेची गोष्ट श्रद्धेची म्हणून वेगळी लिहा, दोन्हीची सरमिसळ करू नका. मजकूर मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्हीत द्या. कृपा करून त्यावर भाषेचा वाद कुणी काढू नका, चंद्रनाथ सगळ्यांचा आहे, चांदरच्या मुसळवाल्यांचाही.

मजकूर लिहायला पुराभिलेख खात्यातली, विद्यापीठातली जाणकार माणसं आहेत, त्यांना विचारा. ठेकेदाराला मजकूर लिहायला लावू नका. आपल्याकडे किती फलकांवर गावांची नावं चुकीची आहेत ते आपण रोज बघतो, पोर्तुगीज स्पेलिंगवरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून परत देवनागरीत आणून गावाचा पार चेंदामेंदा करतात. परक्या माणसाने गावाचं नाव चुकीचं घेतलं तर समजू शकतो, पण आपल्याच बोर्डावर?

आणि दुसरं, सुशोभीकरण नको. हा शब्द ऐकला की मला भीती वाटते. सुशोभीकरण म्हणजे आधी झाडं कापणार, मग पेव्हर बसवणार, मग स्टीलची रेलिंग, मग 'आय लव्ह' लिहिलेली लाल अक्षरं, संध्याकाळी रंगीत लाईट, आणि शेवटी एक कॅफे. त्या वळणाला यातलं काहीच नको आहे. गाड्या उभ्या करायला खाली पायथ्याशी जागा करा, सुट्टीच्या दिवशी तिथून एक लहान बस वर सोडा, कचऱ्याचे डबे ठेवा आणि ते रोज उचला. ड्रोनला देवळाच्या जवळ बंदी घाला. एवढं पुरे.

काही जण म्हणतील, अहो लोक सूर्यास्त बघायला येतात, इतिहासाचं त्यांना काय पडलंय. मला हे पटत नाही. माझ्या पाहण्यात असं आहे की त्या वळणावर एखाद्याने नुसतं बोट दाखवून सांगितलं ना, की ते बघा, ते खाली माड दिसतायत तिथं पंधराशे वर्षांपूर्वी राजधानी होती, तर मोबाईल खाली येतात. एकदा पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांची आठवी-नववीतली मुलगी मला विचारत सुटली, मग राजवाडा कुठं, मग ते लोक कुठं गेले, मग नंदीचं डोकं कुणी फोडलं. तिचे वडील म्हणाले आमची ट्रीप कळंगुटला होती, हे तर कुणी सांगितलंच नाही. ते लोक दुसऱ्या दिवशी चांदरला गेले आणि मला तिथून त्या नंदीचा फोटो पाठवला. लोकांना हवं असतं. देणारं कुणी नसतं.

आपल्याच मुलांचं घ्या. केपे, कुडचडे, मडगावच्या शाळांच्या सहली जुन्या गोव्याला जातात, मिरामारच्या सायन्स सेंटरला जातात. जाऊ देत. पण एक दिवस सकाळी पर्वतावर नेऊन वळणावर उभं करा, दुपारी चांदरला कोटात न्या. दोन जागा, मध्ये काही किलोमीटरचं अंतर, आणि गोव्याच्या इतिहासाची सुरुवात मुलांना पायाने चालून कळेल. शिक्षकांनी मनावर घेतलं तर याला सरकारच्या परवानगीचीही गरज नाही, पुढच्या हिवाळ्यातच होऊ शकतं.

आणि रील बनवणाऱ्या मुलांनाही हात जोडून सांगतो, व्हिडिओ जरूर करा, तुमच्यामुळेच लोकांना हा डोंगर कळला हे मी मान्य करतो. फक्त त्याचं नाव घाला. हॅशटॅगमध्ये घाला, लोकेशनमध्ये घाला, चंद्रनाथ पर्वत, पारोडा. हजारो लोक तुमचा व्हिडिओ बघतात, ते सगळे सनसेट पॉईंट म्हणायला लागले की दहा वर्षांत नकाशातही तेच राहील, आणि मग आम्ही कितीही पत्रं लिहिली तरी उपयोग नाही.

फलक लावताना एक गोष्ट लक्षात ठेवावी असं संबंधितांना आपल्या पत्राद्वारे सांगायचं आहे. तो दरीच्या कडेला मध्येच उभा करू नका, नाहीतर लोक फलकाच्या मागे दरीच्या बाजूला फोटो काढायला जातील आणि तिथं उतार निसरडा आहे, पावसात तर शेवाळ असतं. चढताना डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूचा असो, वळणाच्या आतल्या बाजूला, डोंगराला टेकून, चार-पाच जण एकदम उभे राहतील एवढी जागा सोडून लावा. जत्रेच्या आधी झालं तर जत्रेला येणाऱ्या माणसांनाच पहिल्यांदा वाचायला मिळेल.

आपला,
केप्याचा एक जुना वाचक